यादीतली सहा कंदमुळं

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका मॅडमच्या बहिणीचा फोन आला. तिलाही हाच आजार निघालाय, तीच यादी हातात पडलीय, आणि तिचा पहिलाच प्रश्न होता, "मग खायचं काय?" मी तिच्याशी पाऊण तास बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की काय चालतं आणि काय चालत नाही एवढंच मी तिला सांगितलं. ते तर डॉक्टरही सांगतात. जे सांगायला हवं होतं ते तोंडातून निघालंच नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधीच सांगते, माझी यादी तुमची नाही. मला जे बाधलं ते तुमच्यासाठी औषध असू शकेल. मी डॉक्टर नाही, मुलींच्या शाळेत गणित शिकवते. आणि मला माझंच खरं करायची सवय आहे. या आजारात निम्मा त्रास मला आजारानं दिला आणि निम्मा या सवयीनं.

पित्त

अंगावर लाल गांधी उठल्या की आमच्या घरी त्याला एकच नाव, पित्त. मला त्या उठायला लागल्या त्या उन्हाळ्यात. आधी घसा खाजायचा. मग कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. मग मानेवर आणि पोटावर गांधी, आणि शेवटी छाती अशी धडधडायची की असेन तिथे खाली बसावं लागायचं. तासा-दोन तासांत सगळं ओसरायचं. घसा, कान, अंग, छाती हा क्रम कधी चुकला नाही.

माझ्या सासूबाई शहात्तर वर्षांच्या. जन्म जबलपूरचा, लग्न जबलपूरचं, पण स्वयंपाकघर पक्कं मराठी. पुण्याकडून कुणी येणार असलं की आमच्याकडची फर्माईश ठरलेली, आमसूल आणा. इथे चिंच मिळते, आमचूर हवा तेवढा मिळतो, आमसूल दुकानदाराला सांगूनही कळत नाही. त्यामुळे ती काळी बरणी त्यांच्या खास ताब्यात असते.

"पित्त उठून राहिलंय तुला," त्या म्हणाल्या. "याच्यासारखं औषध नाही त्याच्यावर. पिऊन टाक."

आमसुलाचं ते काळपट, खारट पाणी मला माहेरीही आवडत नव्हतं. आठ दिवस मी पेला घेऊन बेसिनपाशी जात होते आणि ओतून टाकत होते. नवव्या दिवशी त्यांनी पेला देणं थांबवलं. मला वाटलं, सुटले.

नववी ब

त्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाच्या इडल्या होत्या, टोमॅटोची चटणी होती. मी तीन इडल्या खाल्ल्या. नंतर नववी ब वर समरूप त्रिकोण शिकवत होते. घसा खाजायला लागला तेव्हा खोकून वेळ मारून नेली. कान गरम झाले तेव्हा फळ्याकडे तोंड केलं. मुलींना माझा चेहरा दिसू नये एवढाच विचार होता. मग खडू हातातून पडला आणि तो उचलायला वाकले ती वर आलेच नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. ऑटोच्या सीटचं रेक्झिन. कुणीतरी सारखं म्हणत होतं, "मैडम, आँखें खुली रखिए." रुग्णालयात मांडीत दिलेलं इंजेक्शन. रक्तदाब वरचा सत्तरवर आला होता, हे मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

निदान व्हायला त्यानंतरही तीन आठवडे लागले. ज्या दिवशी झालं, त्या दिवशी मी, माझे मिस्टर श्रीकांत आणि आमची सतरा वर्षांची ईशा, असे तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे.

"ये पित्त नहीं है, मैडम," ते म्हणाले. "हिस्टामिन है. सबके खाने में होता है, आपका शरीर उसको निपटा नहीं पाता."

शिळं, आंबवलेलं, आंबट, बरणीत मुरलेलं, अशा पदार्थांनी माझं शरीर भडकतं, एवढं मला समजलं. किती दिवस जपायचं, असं मी विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आत्ता फक्त पुढच्या तीन महिन्यांचं बोलू. तेव्हा मी घाबरले. त्याआधी घाबरले नव्हते, कारण बेशुद्ध माणसाला घाबरायला वेळच नसतो.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेली यादी ईशानं लिहून घेतली. तिला मराठी सगळं कळतं, लिहिते मात्र हिंदीत. लाल शाईनं, नहीं: दही, छाछ, इमली, अमचूर, नींबू, टमाटर, बैंगन, पालक, मूँगफली, अचार, ख़मीर वाली हर चीज़, बासी खाना. हिरव्या शाईनं, हाँ: ताज़ा चावल, रोटी, मूँग दाल, लौकी, तोरई. आणि खाली वेगळ्या चौकटीत सहा कंदमुळं: आलू, शकरकंद, गाजर, चुकंदर, अरबी, जिमीकंद. "ये आपकी ताक़त हैं," बाई म्हणाल्या होत्या, "पेट इन्हीं से भरेगा."

यादी फ्रिजवर लागली. सासूबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, शेंगदाण्यापाशी थांबल्या, सुस्कारा सोडला.

"चलो," त्या म्हणाल्या. "लिहिलंय तसं करू. इकडची काडी तिकडे नाही होणार."

आणि खरंच नाही झाली. सकाळची भाजी संध्याकाळी चालत नाही म्हटल्यावर त्या दिवसातून तीनदा ओट्यापाशी उभ्या राहू लागल्या. चिंचेचा गोळा आणि आमचूर त्यांनी शेजारी देऊन टाकले. लिंबाचं झाड अंगणात होतं, त्याची लिंबंही घरात येईनाशी झाली. शाळेतून आले की गरम भात, तूप, वाफवलेलं गाजर, उकडलेला बटाटा. पहिले पाच आठवडे मला काही झालं नाही. मी पुन्हा नववी ब वर उभी राहिले आणि राहिलेले त्रिकोण संपवले.

खोडलेली नावं

दिवाळीच्या आधी ओमतीच्या बाजारात सुरणाचे ढीग लागतात. इथे त्याला जिमीकंद म्हणतात आणि दिवाळीला खातातच. यादीत होतं, आणि गाजराला मी कंटाळले होते, म्हणून मीच श्रीकांतना आणायला सांगितलं. सासूबाईंनी तुपावर परतून, जिरं घालून भाजी केली. पाच आठवड्यांनी जिभेला चव लागली. मी दोनदा वाढून घेतलं.

वीस मिनिटांनी घसा खाजायला लागला. घसा, कान, अंग, छाती. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या, श्रीकांतनी स्कूटर काढली, आणि आम्ही रुग्णालयाच्या बाकावर चार तास बसून आलो. घरी आल्यावर मी ईशाचं लाल पेन घेतलं आणि यादीतलं जिमीकंद खोडलं.

महिन्याभरानं अरबी, म्हणजे अळकुड्या. पाटनकडून येणारी भाजीवाली कोवळी अरबी घेऊन दारात आली होती. तेच झालं, अरबी खोडली. मग चुकंदर, म्हणजे बीट. बीट खाल्ल्यावर ओठ सुजले, ते खोडलं. मग एका रविवारी उकडलेल्या बटाट्याला कंटाळून मी रस्सा मागितला, आणि त्या दिवशी पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागलं. बटाटा खोडला. रताळ्यानं तर काही केलंच नव्हतं. एकादशीला ताटात रताळं दिसलं आणि नुसत्या भीतीनं माझा घसा आवळला. म्हणून तेही खोडलं.

सहापैकी गाजर उरलं.

तुम्ही म्हणाल, ताजं दूध आहे, पोळी आहे, डाळ आहे. असतं सगळं. पण एकदा खाण्याचीच भीती बसली की पोळीसुद्धा संशयित होते. घास तोंडात घालायचा आणि घड्याळ बघायचं. वीस मिनिटं झाली की दुसरा घास, तोवर पहिला थंड आणि भूक मेलेली. आमच्या घरात तेव्हा जेवताना कुणी बोलत नसे. सगळे माझ्या कानांकडे बघत. कान लाल होतात का एवढंच बघत बसायचे. एकदा मी ईशाला म्हटलं, "कान कापून ताटाशेजारी ठेवू का, म्हणजे नीट दिसतील?" कुणी हसलं नाही.

मी अठ्ठावन्न किलो होते, ती त्रेचाळीसवर आले. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. शाळेतून रजा घेतली. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघून सरळ सांगितलं, "चालीस से नीचे गईं, तो नाक से नली डालकर खिलाना पड़ेगा. मैं नहीं चाहता. पर डालूँगा." तेव्हापासून मला एकच आकडा दिसायचा. रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे आणि चाळीस किती लांब आहे ते बघायचे.

चिंच

गणित शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते, प्रत्येक गोष्टीला कारण पाहिजे. डॉक्टर म्हणत होते ही कंदमुळं सहसा बाधत नाहीत. मग मला का बाधतात? आणि एका दुपारी, गाजर चघळता चघळता, मला उत्तर सापडलं. आंबट. सुरण आंबटाशिवाय घसा खाजवतं हे कुठल्याही मराठी बाईला माहीत असतं. अरबीही तशीच. सासूबाईंनी केलेलं सुरण घसा खाजवत नव्हतं, निदान पहिली वीस मिनिटं तरी. म्हणजे त्यांनी चिंच घातली होती.

मी उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

"आई, तुम्ही भाजीत चिंच घालता."

त्या डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "चिंच? घरात आहे कुठं चिंच?"

"कुठून तरी आणून लपवली असेल. सुरण न खाजवता कसं शिजलं?"

"वंदना, तुझी शप्पथ, चिंचेला हात नाही लावला मी. यादीत लिहिलंय ना."

मी त्यांचं ऐकलं नाही. डबे काढले, एकेक उघडून हुंगले. वरच्या फळीवर, ओट्याखाली, देवघराच्या कपाटात सुद्धा. त्या बाजूला उभ्या राहून बघत होत्या. चिंच मिळाली नाही, तरी मी म्हटलं, "उद्यापासून माझं मी शिजवेन. तुम्ही माझ्या खाण्याला हात लावायचा नाही." आणि त्याच्यापुढे जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "मला मारायचं असेल तर सरळ सांगा."

संध्याकाळी श्रीकांत रिछाईहून, कारखान्यातून आले. त्यांना कुणीच काही सांगितलं नाही, त्यांना दोन गॅसवर दोन वेगळी पातेली दिसली. "हे काय?" ते म्हणाले. मी सांगितलं. ते आईकडे गेले, परत माझ्याकडे आले, आणि नुसते "अच्छा" म्हणाले. त्या "अच्छा"चा मला भयंकर राग आला. त्यांनी माझी बाजू घ्यायला हवी होती. आज वाटतं, बरं झालं नाही घेतली.

माझ्या हातचं खाऊन मला एकदाही त्रास झाला नाही. मला वाटलं, बघा, सिद्ध झालं. पण मी शिजवत काय होते? गाजर, भात, दुधी. खोडलेल्या पाचांपैकी एकालाही हात लावायची माझी हिंमत नव्हती. चिंचेचा दोष आणि कंदाचाही दोष, असं दोन्ही मी एकदम धरून बसले होते. वर्गातल्या मुलीनं असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

सासूबाई तेव्हापासून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून इतरांचं करायच्या. माझ्या पातेल्याजवळून जाताना पदर आवरून घ्यायच्या.

वॉर्ड

एके दिवशी सकाळी काट्यावर एक्केचाळीस दिसलं, आणि काट्यावरून उतरताना मी पडले. या वेळी घसा नाही, कान नाही. नुसतं पोटात अन्न नव्हतं. मला दाखल केलं. सलाईन लागलं. डॉक्टरांनी श्रीकांतना बाहेर नेऊन सांगितलं आणि मग आत येऊन मलाही सांगितलं, आता चाळीसची वाट बघणार नाही, दोन दिवसांत वजन वाढलं नाही तर नळी घालू.

सहाला रक्तदाब, सातला झाडू, आठला चहा, जो मला चालत नसे. दहाला डॉक्टरांची फेरी. समोरच्या खाटेवरच्या ताई तळलेल्या मिरच्या लपवून खायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. आमच्या बाजूला रीना सिस्टर होत्या, चाळिशीच्या, फटकळ. त्या दर जेवणाला माझ्या ताटाकडे बघून म्हणायच्या, "इतना तो मेरी चिड़िया खाती है." मला त्यांचं हे बोलणं आवडायचं. बाकी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. ईशाची परीक्षा होती, श्रीकांत ड्यूटीवर, म्हणून त्या. आमच्यात पंधरा दिवसांत धड दोन वाक्यं झाली नव्हती. त्या स्टुलावर बसल्या. सलाईनच्या चिकटपट्टीनं माझ्या हातावर पुरळ आलं होतं, ते त्यांना दिसलं. त्यांनी पिशवीतून वाटी काढली, रुमालाच्या गाठीतून काहीतरी काळं काढून तिच्यात टाकलं आणि वर पाणी ओतलं.

रीना सिस्टर आल्या. "अम्मा, ये काला-काला क्या है?"

"आमसूल," सासूबाई म्हणाल्या. "पित्त में देते हैं. हाथ पे लगा दूँगी, थोड़ा पी भी लेगी."

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, ती वळले.

"आई, घरी नंतर पण हे देत होतात तुम्ही मला?"

"देत कुठं होते?" त्या वाटीत बोट फिरवत म्हणाल्या. "तू तर बेसिनात ओतून राहिली होती. दिसत होतं मला. म्हणून मग भाजीत टाकायची. सुरणात, अरबीत. रश्शात पण टाकलं त्या दिवशी. म्हटलं, खाजवणार पण नाही आणि पित्ताचं औषध पण पोटात जाईल तुझ्या."

"आणि बिटात?"

"बिटात पण. रंग चांगला राहतो." मग त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यादीत नव्हतं ना गं ते. मी दोनदा वाचली यादी."

यादीत नव्हतंच. इमली होती, अमचूर होता, नींबू होता. आमसूल लिहायला आहारतज्ज्ञ बाईंना ते माहीत तर हवं. आणि मी, घरात एकटी अशी की जिला आमसूलही माहीत होतं आणि हिस्टामिनही, मी चिंच शोधत डबे हुंगत होते. ती काळी बरणी मी त्या दिवशी हातात घेतली होती, उघडली होती, आणि बाजूला ठेवली होती. ते तर औषध होतं ना.

पहिल्यांदा मी ओरडले. खोटं कशाला सांगू. "सांगायचं ना मला," असं ओरडले, समोरच्या ताईंनी मिरची खाली ठेवली. मग सासूबाईंचा चेहरा पाहिला. त्यांनी वाटी उचलली होती आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. त्या उठल्या, वॉर्डच्या टोकाच्या बेसिनपाशी गेल्या, वाटी ओतली आणि बराच वेळ धूत राहिल्या.

डॉक्टरांचं म्हणणं

डॉक्टर संध्याकाळी आले, तोवर श्रीकांतही कारखान्यातून आले होते. त्यांनी आमसूल कधी बघितलं नव्हतं. रुमालातला तुकडा त्यांनी हातात घेऊन वास घेतला, किती जुनं आहे विचारलं. सासूबाई म्हणाल्या, दोन वर्षं झाली असतील, मीठ लावून ठेवतात, खराब नाही होत.

"हो सकता है यही हो," डॉक्टर मला म्हणाले. "कई लोगों को इससे फ़ायदा होता है, आपको नहीं होता होगा. पर पक्का मैं नहीं कह सकता. जिमीकंद ख़ुद भी हो सकता है."

"मग कळणार कसं?"

"खाकर. यहीं, मेरे सामने. घर पर बिल्कुल नहीं." उकडलेला बटाटा मी पूर्वी पचवला होता, त्यामुळे त्यानं काही सिद्ध होणार नव्हतं. जिमीकंदानंच सगळ्यात आधी मला पाडलं होतं. उद्या सकाळी साध्या मिठाच्या पाण्यात शिजवलेलं जिमीकंद आणा, म्हणाले. निभावलं तर पाचही परत मिळतील, एकेक करून. नाही निभावलं तर परवा नळी.

"मी नाही करणार," सासूबाई म्हणाल्या. "श्रीकांत करेल. मी आता हिच्या खाण्याला हात नाही लावणार."

ते माझंच वाक्य होतं. श्रीकांतना साधा कुकर लावता येत नाही. सुरण कच्चं राहिलं तर काय होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी माफी मागायला हवी होती, शब्द तोंडापर्यंत आले, पण वॉर्डमध्ये सगळे ऐकत होते आणि माझा स्वभाव आडवा आला. मी एवढंच म्हटलं, "तुम्हीच करा, आई. दुसऱ्या कुणाच्या हातचं मी खाणार नाही." त्यांनी पिशवी उचलली आणि श्रीकांतच्या मागे निघून गेल्या.

अकरा वाजता

त्या आल्या. सव्वादहाला, ऑटोनं, मांडीवर डबा धरून. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते, कारण चिरताना त्या हाताला नेहमी आमसुलाचं पाणी लावायच्या, आज नुसतं तेल लावलं होतं. तीनदा उकडलं, तीनदा पाणी बदललं, असं त्यांनी श्रीकांतकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही.

अकराला खाटेशेजारी ट्रे तयार होता. त्यात इंजेक्शन भरून ठेवलं होतं. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला चिमटा. रीना सिस्टर आज काही बोलत नव्हत्या, त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटली. डॉक्टर दाराशी उभे होते.

सासूबाईंनी डबा उघडला. पांढरट गुलाबी फोडी, वर थोडं मीठ. त्यांनी एक फोड उचलली आणि स्वतःच्या तोंडात टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. चावून गिळली, मग डबा माझ्यापुढे केला.

मी नखाएवढा तुकडा खाल्ला. पंधरा मिनिटं. रक्तदाब एकशे आठ. मग अर्धी फोड. मी घड्याळाकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. ती हलली नाही.

पाच मिनिटांनी घसा खाजायला लागला.

आधी वाटलं, भास आहे. गिळून बघितलं. भास नव्हता. मागे, पडजिभेपाशी, तीच खाज. मी म्हटलं, "घसा." एवढाच शब्द निघाला. श्रीकांत उभे राहिले. रीना सिस्टरनी सिरिंज उचलली. डॉक्टर दोन पावलांत आले, त्यांनी माझे कान बघितले, जीभ बाहेर काढायला लावली. "खुजली कितनी? बढ़ रही है?" मला सांगता येईना. वाढत होती की मला तसं वाटत होतं? रक्तदाबाचं मशीन घरघरायला लागलं. मला नळी दिसत होती. नळी, आणि त्यापुढची कितीतरी वर्षं.

"डॉक्टर साहब," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज घोगरा होता. "मेरा भी गला खुजला रहा है."

सगळे त्यांच्याकडे वळले. त्या गळ्याला हात लावून बसल्या होत्या.

"कब से?"

"जबसे खाया. जिमीकंद से तो खट्टे के बिना खुजली होती ही है."

श्रीकांतनी पुढे होऊन डब्यातून एक फोड तोंडात टाकली. पाच मिनिटांत त्यांचाही चेहरा वाकडा झाला, आणि त्यांनी खाकरायला सुरुवात केली. मशीननं आकडा दाखवला. एकशे दहा. डॉक्टरांनी माझे कान पुन्हा बघितले. थंड होते. त्यांनी हात लावून बघितले, मीही लावून बघितले. रीना सिस्टरनी सिरिंज हातातच ठेवली, आणि आम्ही पाऊण तास तसेच बसलो. अंगावर एकही गांध उठली नाही. छाती धडधडली, पण ती भीतीनं, हे आता मला ओळखता येत होतं. मग त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे घेऊन गेल्या.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, घशाच्या खाजेनं की कशानं, कोण जाणे. माझ्याही आलं होतं.

"आई, तुमचा घसा पहिल्यापासून खाजून राहिला होता, मग लगेच काहून नाही सांगितलं?"

त्यांनी लाल झालेले हात पदरात पुसले.

"म्हटलं, तुला वाटेल मी याच्यात पण काहीतरी टाकलं."

मी डबा जवळ ओढला आणि पुढची फोड खाल्ली.